जेठूंचं कोणत्या दिवशी दुखलं

११ डिसेंबर, गुरुवार
तळमजल्यावरचे परिमल जेठू गेले! शेजारी, पण माझे मोठे काकाच ते. सकाळी बाजारातून पारशे मासे आणले, ते शिळे निघाले. त्यांच्या बायकोचा, जेठीमांचा आवाज आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत — "डोळे आहेत की बटणं? चाळीस वर्षं मासे घेताय!" जेठू खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. हॉस्पिटलात पोचण्याआधीच गेले, म्हणून शवविच्छेदन.
हृदय तपासणीला आमच्याच पॅथॉलॉजी विभागात येणार. रोजचंच काम माझं. पण मला सायकल शिकवली त्यांनी! त्यांचं हृदय कसं बघू?

१४ डिसेंबर, रविवार
जेठीमांचं एकच चाललंय — "मीच मारलं गं रूनु, या तोंडानं मारलं." नणंद शेजारीच बसलेली, पण 'नाही हो वहिनी' एवढंसुद्धा म्हणत नाही. भवानी!

१५ डिसेंबर, सोमवार
विभागप्रमुख सान्याल सर म्हणाले, "शेजारचे ना? दुसऱ्या कुणाला देतो."
"नको सर. दुखणं कधीचं ते मलाच बघायचंय."
झटका आला की मेलेल्या स्नायूकडे पांढऱ्या पेशी निघतात. एक-दोन दिवसांत न्यूट्रोफिलची झुंबड. मग तेही मरायला लागतात आणि मोठे, संथ मॅक्रोफेज येतात, मेलेलं सगळं खात खात. कोण आलंय, किती आलंय, त्यावरून झटक्याचं वय कळतं. गुरुवारी सकाळीच आला असेल तर स्लाइडवर कुणीच नसेल. मग जेठीमांना काय सांगू?

१७ डिसेंबर, बुधवार
ट्राममध्ये डोळा लागला. आमची गल्ली, धुकं. धुक्यातून पांढऱ्या धोतरातली माणसं येतायत, न बोलता, हातात घमेली. जेठूंच्या घरची भिंत पडलीय, राडारोडा उचलायचाय. मी विचारते, "कधी निघालात हो?" एकजण हसतो, पुढे जातो. किती शांत होतं सगळं! उतरायचं ठिकाण केव्हाच मागे गेलं होतं. तरी बसून राहिले.

१९ डिसेंबर, शुक्रवार
आहेत! गुलाबी तंतूंमध्ये पेशीच पेशी. न्यूट्रोफिल फुटलेले, कडेनं मॅक्रोफेज शिरतायत. चार दिवस. म्हणजे रविवार, सात तारीख!
मदतीला आलेल्यांनीच इतकं साफ केलं की हृदयाची भिंत मऊ पडली आणि गुरुवारी फाटली. रागवायचं तरी कुणावर? दुपारभर त्या गुलाबी रानात हिंडत होते.
सर म्हणाले, "तीन ते पाच दिवस असं लिही. पेशी काय पंचांग घेऊन येतात?" लिहिलं तसं. पण माझ्या मनात रविवारच.

२४ डिसेंबर, बुधवार
काल श्राद्ध झालं. आज सुतक सोडून घरानं पुन्हा मासा खायचा, अशी रीत. जेठीमांनी पान बाजूला सरकवलं — "त्या माशापायीच गेले."
मी जवळ बसले. "जेठीमा, भांडणाच्या चार दिवस आधीच झटका येऊन गेला होता. रविवारी."
"माझ्या बोलण्यानं नाही?"
"नाही."
"रविवारी मी दिवसभर बहिणीकडे होते. मला काहीच बोलले नाहीत गं." आणि रडल्या, मोठ्यानं, तेरा दिवसांत पहिल्यांदा. मग माशाचा एक घास खाल्ला. जिना चढताना मला पाय असल्यासारखे वाटत नव्हते, इतकी खूश होते!

२५ डिसेंबर, गुरुवार
आईला सगळं सांगितलं. ती पायेशची खीर ढवळत होती. पळी थांबली.
"रविवारी दुपारी वर आले होते गं. घामाघूम. म्हणाले, छातीत गॅस धरलाय, रूनुला विचारतो. तू जेवून झोपली होतीस. दुपारची झोप कुणी मोडतं का? मी म्हटलं, संध्याकाळी या. बरं म्हणाले, उतरले." दूध खाली लागायला लागलं. "नक्की रविवारच का गं?"
"नाही मा," मी म्हणाले. "सोमवारही असेल."