सायलेन्सरमधला बोळा

अप्पा, यंदा तुमची मोटरसायकल सुरूच होईना. ऐप्पसीचा, म्हणजे आश्विन-कार्तिकातला, पाऊस लागायच्या आधी मी ती तुमच्याच रीतीने मागच्या पडवीत ठेवली होती. टाकी काठोकाठ भरली, बॅटरी काढून घरात आणली, चाकं फळीवर घेतली, वर तुमचं जुनं धोतर, ती वेष्टी, पांघरली. गाडीला लावलेलं आयुधपूजेचं गंधकुंकू दुसऱ्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसलं. लहानपणी मी ते पुसू देत नव्हते, देवाचं कसं पुसायचं म्हणून हटून बसले होते, तेव्हा कधी नव्हे ते तुम्ही आवाज चढवलात. "पूजा झाली कीं गे. राहिलं तर पत्रा खातं तें." असं बोलणारं आता घरात कोणी नाही. तुम्ही गेलात त्याला किती वर्षं झाली, मागोमाग अम्मा गेली. धाकटा भाऊ बंगळूरला असतो. त्याच्या मुलांना आपली भाषा कळते, पण उत्तर तमिळमध्ये येतं. दिवसचे दिवस मी मराठीत एक शब्द बोलत नाही.

धाकटा म्हणतो, चालवणारं कोणी नाही तर विकून टाक. मला चालवता येत नाही, हे खरंच आहे. शेवटी मी कबूल केलं की यंदा पोंगलनंतर सुरू झाली नाही, तर देऊन टाकू. आणि ती नेमकी यंदाच रुसली. बॅटरी बसवली, प्लग पुसला, किक मारून मारून पाय भरून आला, आणि ती नुसती धापा टाकते आहे. मी तिथेच पायरीवर बसून रडले, अप्पा. तुम्ही गेलात तेव्हाही अशी रडले नव्हते.

तुमचे म्हातारे मेकॅनिक दुकान बंद करून तिरुवैयारूला मुलीकडे राहायला गेले. म्हणून बसस्टँडजवळच्या नव्या माणसाला बोलावलं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून सायलेन्सरमध्ये बोट घातलं आणि कापडाचा बोळा ओढून काढला. उंदीर शिरू नयेत म्हणून तो मीच कोंबला होता. कोंबायचं काम पहिल्यापासून माझं, काढायचं तुमचं, तुमच्यानंतर त्या म्हाताऱ्यांचं. तो मलाही काढता येतो, हे कधी डोक्यातच आलं नाही. तो माणूस पोट धरून हसला, मग मलाही हसू आलं. पुढच्याच किकला गाडी धडधडली आणि शेजारीण फाटकापाशी येऊन उभी राहिली.

हात पुसता पुसता त्याने विचारलं, गाडी चालवतं कोण.

"अप्पा," मी म्हटलं.

तो म्हणाला, अक्का, नुसती ठेवली तर इंजिन धरेल, जाम होईल, रोज थोडी तरी फिरवायला हवी, अप्पांना तेवढं सांगा.

"सांगते," म्हटलं मी. तुम्ही नाही आहात, हे त्याला सांगवेना. हा कागद कुठे धाडायचा नाही, ठाऊक आहे मला. पण सांगते म्हणून बसले आहे, अप्पा, तर सांगते. रोज थोडी फिरवत जा.