रेनकोटवाल्याची नोटीस

लोणावळा, १६ जून २०२५

ती. रियाजमामूंस,
याह्याचा सलाम वि. वि.

परवा सकाळी अब्बांनी चहाच्या कपाशेजारी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला आणि तिथेच माझं आयुष्य फिरलं. खालच्या दोन खोल्या रिकाम्या करायची नोटीस लिही, म्हणाले. अडीच वर्षं वकिलीच्या कॉलेजात बसून पळून आलास, निदान एक कागद तरी लिहून दाखव.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. खाली अजीजुन्निसाखाला आणि त्यांची नात अम्मारा राहतात, तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून. भाडं एकदाही चुकलं नाही. अब्बांच्या दुकानातल्या भाड्याच्या, फाटक्या रेनकोटांना ठिगळं लावतं कोण? खालाच. आता भुशी डॅमला येणाऱ्या पाहुण्यांना शनिवार-रविवार त्या खोल्या द्यायच्या, म्हणून म्हातारी नकोशी झाली. आणि अब्बांची अक्कल बघा. चार तासांसाठी रेनकोट देताना हा माणूस गिऱ्हाइकाचं आधार कार्ड ठेवून घेतो, वहीत सही घेतो, बटणं तपासतो. अख्खं घर काढून घ्यायला मात्र म्हणे वकील कशाला, तूच लिही, दोन ओळी बास झाल्या.

अम्माराबद्दल अम्मीने तुमच्या कानावर घातलंच असेल. ती बाजारात झेरॉक्सच्या दुकानात बसते. एकाच आधार कार्डाच्या मी तिच्याकडून आजवर अकरा झेरॉक्स काढल्या. एकदाही तिने कशाला म्हणून विचारलं नाही.

तर मामू, वडगावच्या कोर्टाबाहेर तुम्ही तीस वर्षं टाइपरायटर बडवलात. नोटीस कायद्याने खरी कशाने ठरते? आणि रद्दी कशाने? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर लिहा.

मामींना सलाम. भाच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
याह्या

*

वडगाव मावळ, २० जून २०२५

चि. याह्यास,
मामूचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी मामी दोनदा हसली, अकरा झेरॉक्सवर आणि अडीच वर्षांवर.

ऐक. नोटीस लेखी हवी. मालकाची, नाहीतर त्याच्या वतीने वकिलाची सही हवी. जिवंत भाडेकरूच्या नावावर हवी आणि खोल्या कुठल्या ते त्यात कळायला हवं. महिन्याच्या भाड्याला निदान पंधरा दिवसांची मुदत हवी. थकबाकीचं कारण असेल तर दाव्याआधी नव्वद. ती हातात द्यावी, घरच्या माणसाकडे द्यावी किंवा पोस्टाने पाठवावी. दारावर डकवणं हा शेवटचा उपाय, माणूस सापडतच नसेल किंवा घेतच नसेल तर. आणि एवढं सगळं बरोबर करूनही नोटीस म्हणजे नुसती कडी वाजवणं. आत शिरायचं तर मालकाला कोर्टात कारण सिद्ध करावं लागतं, आणि पाहुण्यांना खोल्या द्यायच्यात हे कारण मला तरी तिथे टिकताना दिसत नाही.

तू रद्दीची चौकशी का करतोस ते मला कळलं. कागदाशी खेळू नकोस, बाबा. न्यायाधीशाच्या आधी तो दुसरंच कुणीतरी वाचतं.

सर्वांना दुवा. अधूनमधून चार ओळी टाकत जा.

तुझा,
रियाजमामू

*

लोणावळा, २४ जून २०२५

ती. मामूंस,
सलाम वि. वि.

शेवटच्या चार ओळी सोडल्या तर तुमचं पत्र फार कामाला आलं. नोटीस अशी लिहिली की कोर्टाचा शिपाईसुद्धा पोट धरून हसेल. नाव घातलं खालांच्या मरहूम शौहरांचं. मुदत ३ दिवस. कारण नाही, तारीख नाही. सहीच्या जागी रेनकोटच्या दुकानाचा शिक्का, तोही तिरपा. आणि खाला आत मशीनवर बसलेल्या असताना आज सकाळी ती दारावर चिकटपट्टीने लावली. अब्बांनी चष्म्याशिवाय वाचल्यासारखं केलं आणि शाबास म्हणाले. जन्मात पहिल्यांदा! ज्याला दुकानाचा शिक्का आणि सही यातला फरक कळत नाही, त्याच्या पोटी मी जन्मलो.

अम्मारा असले कागद रोज बघते. तिला एका नजरेत कळेल की हे कुणी केलं आणि कुणासाठी. ती हसेल तेवढंच बघायचं राहिलंय.

तुमच्या लाडाचा,
याह्या

*

२७ जून, सकाळी

याह्या झुबेर यांस,
सलाम.

तुमचा नंबर माझ्याकडे नाही आणि नको. म्हणून हा कागद तुमच्या चपलेखाली ठेवते.

तुमची नोटीस मी पाहिलीच नव्हती. दादीने ती उतरवून पिठाच्या डब्यामागे लपवली. तिला फारसं वाचता येत नाही. तिने दादाजींचं नाव ओळखलं, शिक्का ओळखला, ३ चा आकडा ओळखला. तेवढं तिला पुरलं. काल संध्याकाळी मी आले तर शिवणमशीन जागेवर नाही. दादीने ते बेगडेवाडीला आपल्या बहिणीकडे टेम्पोने पाठवून दिलं होतं. भांडी गोणीत भरलेली. मेलेल्या माणसाला घर सोडायला सांगताहेत तिथे आपण काय बोलायचं, म्हणाली. आणि स्टुलावर चढून भिंतीतले खिळे उपटत होती, मालकाला भिंत साफ करून द्यायला हवी म्हणून.

तुमच्या कागदात काय काय नाही ते मला दोन ओळींत कळलं. ते मुद्दाम सोडलंय, हेही कळलं. मला हसू येईल असं वाटलं होतं तुम्हाला? कोर्टासाठी ती रद्दी असेल, दादीसाठी नव्हती. खरी नोटीस आली असती तर मुदत मिळाली असती, मी उत्तर दिलं असतं. आम्ही नकोत असं तुमचे अब्बा निदान तोंडावर सांगतात. तुम्ही आमच्या घराचा विनोद केलात, तोही माझ्यावर छाप पाडायला.

झेरॉक्सला येऊ नका. पलीकडे दुसरं दुकान आहे.

अम्मारा

*

लोणावळा, २७ जून २०२५

ती. अब्बांस,
सलाम.

हा कागद लेखी आहे, वर तारीख आहे, खाली सही आहे. बघून ठेवा, कागद असा असतो.

तुमच्या त्या नोटिशीने खालांना कुणी हलवू शकत नाही. मी ती मुद्दाम तशी लिहिली. हे मी तुमच्यादेखत खालांना सांगितलं, मामूंचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं की बेटा, मग लिहिलीसच कशाला. तुम्हाला हसतो मी, अब्बा, पण तुम्ही नुसते अडाणी. मी शिकून माती खाल्ली. खिळे मी परत ठोकून दिलेत. एक वाकडा गेलाय. अम्मारा दारातच उभी होती, माझ्याकडे पाठ करून.

खोल्या हव्या असतील तर वकिलाकडे जा, पंधरा दिवस द्या, सही करा, अम्माराच्या हातात द्या. खालांचं उत्तर मामू टाइप करतील.

मघाशी तुम्ही ओरडलात की आत्ताच्या आत्ता माझ्या घरातून चालता हो. ही नोटीस तोंडी आहे. मुदत नाही, सही नाही. कुणीही फाडून टाकेल. पण माझ्या रद्दीवर सत्तरीची बाई भांडी बांधून बसली होती, तेव्हा तुमच्या शब्दावर मला निघायला काय धाड भरलीय?

बेगडेवाडीला जातो. मशीन आणून खालांच्या दारात ठेवीन, वर येणार नाही. नंतर काही दिवस मामूंकडे. गॅलरीत नऊ रेनकोट फाटके पडलेत. ठिगळांचं तुमचं तुम्ही बघा.

एवढं लिहून दोनदा पुढे केला, तुम्ही हा कागद हातात घेतला नाहीत. माणूस घेतच नसेल तर शेवटचा उपाय मामूंनी लिहिलाय. म्हणून दाराला आतून चिकटवतो. जाताना मी दार ओढून घेतलं की तुमच्या समोरच राहील.

अम्मीला सलाम.

सही :
याह्या झुबेर