न आलेली शिंक

नेपल्स, १२ जानेवारी १७३८

तीर्थरूप बाबांस,

तुमच्या दोन्ही हातांना ओठ टेकवून ओर्सेताचा नमस्कार. मी बरी आहे. खोकला गेला, खोली कोरडी आहे. घरमालकीण रोज माझ्या ताटात दोन माणसांची मकरोनी वाढते आणि उरली तर मेलेल्या नवऱ्याची शपथ घालते. मोदेनात थंडी किती ते तोनिनो कळवेलच. तोनिनो, हे पत्र तूच बाबांना वाचून दाखवशील. भावाला बहिणीची नक्कल करायचा मोह होतो, पण माझा आवाज काढू नकोस. आहे तसं वाच.

मी निघाले त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, "जा, कागद बघून हसवणाऱ्यांकडे जा. कागदावरचा विनोद म्हणजे कालची पोलेंता, मक्याची थिजलेली लापशी." दोन वर्षं मी त्याला उत्तर लिहिलं नाही, कारण तुमचंच खरं असेल अशी भीती होती. बाबा, ते पूर्ण खरं नाही.

इथे मोठ्या नाटकाच्या दोन अंकांमध्ये एक छोटा गाण्याचा खेळ असतो. त्यात मी मोलकरीण आहे, समोर एक चिडका म्हातारा मालक. दोघंच. पहिल्या तालमीला मी पान उघडलं आणि मला घाम फुटला. हे तर आपलंच घर! मालक चार शब्द बोलतो, मोलकरीण त्यातले दोन त्याच्या तोंडातून ओढून घेते, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तुम्ही आणि आई चौकातल्या फळ्यांच्या रंगमंचावर भांडायचात तस्संच, फक्त सुरात. मोठ्या नाटकातले राजे एकेक 'हाय' दूध उतू जाईपर्यंत ताणतात. आमच्या खेळात समोरच्याचं ऐकून घ्यायलाही कोणाला सवड नसते, आणि वाद्यं मागून खिदळतात. म्हातारा जिना उतरतो तेव्हा जाड सुरांची वाद्यं त्याचे गुडघे होतात. चाली बांधणाऱ्या आमच्या मेस्त्रो कारापेल्लांना मी विचारलं, ही चाल बांधायला कुठे शिकलात?

"शिकायचं काय त्यात! संगीतशाळेची भिंत चढून तुमच्यासारख्यांचे खेळ बघायचो. त्यापायी खाल्लेला मार अजून तालात आठवतो."

आता जे लिहायचं आहे त्याकडे येते. दोनदा पान फाडून झालं.

मालकाचं काम गास्पारे करतो. आवाज विहिरीसारखा खोल, पण वीस वर्षं देवळात गायलेला. उभा राहिला की खांब. मेस्त्रो ओरडले, "अरे गास्पारे, पुतळाच हवा असता तर मी संगमरवर आणला असता. तो जेवायला तरी मागत नाही!"

"देवळात हललं की पाद्री डोळे वटारतो, मेस्त्रो. अंगात भिनलंय."

"इथे लोक कांदे फेकतील. मग शिकशील हलायला."

सगळे हसले. मी हसले नाही. मी उठले आणि त्यांना आजोबांनी बसवलेली शिंक करून दाखवली.

हो बाबा, मीच. संतापलेला म्हातारा शिवी द्यायला तोंड उघडतो आणि नेमकी शिंक येते. येते, येते, येत नाही. मोलकरीण घाईघाईने "देव बरं करो, मालक!" म्हणते, आणि शिंक आल्या वाटेने परत जाते. घर सोडताना आपल्या करामतींच्या वहीवर हात ठेवून मी शपथ घेतली होती, की घरची करामत घराबाहेर देणार नाही. बेर्तोल्दीच्या मंडळीने दुसऱ्यांची शिडीवरून पडायची करामत उचलली, तेव्हा तुम्ही वर्षभर त्यांच्या टेबलाला बसला नाहीत. तुमच्या मुलीने काय केलं, बघा.

मी पाद्रीबाबांकडे कबुलीला गेले. जाळीमागून त्यांनी विचारलं, "चोरी कशाची, मुली?"

"शिंकेची."

जाळीमागे त्यांची खुर्ची करकरली. मग म्हणाले, "पुढच्याला पाठव."

मला मोकळं वाटलं नाही.

मेस्त्रोंनी ती शिंक एका पानात बसवली. व्हायोलिनं पायरी पायरीने वर चढतात, प्रत्येक पायरीवर जराशी थरथरतात (व्हायोलिनला नाकपुड्या असतात हे मला तोवर माहीत नव्हतं) आणि अगदी वर जाऊन अडकतात. पुढे चार ठोक्यांची शांतता, मग मोलकरीण. कागदावर ते इतकं देखणं होतं की हात लावायला मी घाबरले. पण वाजवलं तेव्हा कोणी हसलं नाही. वादक मनात एक, दोन, तीन, चार म्हणत होते. मोजून कधी कोणाला शिंक येते का?

तेव्हा तुम्ही डोळ्यांपुढे आलात. तुम्ही कधी मोजलं नाहीत. मुखवट्यातून शेवटच्या बाकाकडे बघायचात. तिथला माणूस स्वतःच नाक वर करून तोंड उघडायला लागला, की मग कुठे आईला बोट हलवून खूण करायचात. मी हे सांगितलं. मेस्त्रोंनी लेखणी उचलली. त्यांनी चारी ठोके खोडले, एकच विश्रांती ठेवली आणि तिच्यावर छोटी कमान काढून आत टिंब दिलं. ही खूण असली की काळ थांबतो. गाणारा सोडवेपर्यंत कोणी सूर काढायचा नाही. पुन्हा वाजवलं. व्हायोलिनं चढली, अडकली, आणि सोळाच्या सोळा वादकांनी कागदावरून मान वर करून गास्पारेकडे पाहिलं. सोळा तोंडं उघडी! मागे मेणबत्त्यांच्या वाती कापणारा म्हातारा खरोखरच शिंकला. बाबा, असलं हसू मी आपल्या फळ्या सोडल्यापासून ऐकलं नव्हतं.

गास्पारे घाम पुसत आला. "पोरी, थांबायचं किती, ते तरी सांग."

"दर वेळी वेगळं."

"मग मला कळायचं कसं?"

"बाबांना कळतं," मी म्हणाले, आणि बाहेर जाऊन रडले.

मी शिंक करून दाखवली त्या दिवशी सकाळीच तोनिनोचं पत्र आलं होतं. तुमच्या तोंडाची उजवी बाजू पडली आहे, शब्द फुटत नाहीत, मुखवटा पेटीत ठेवला आहे. एवढं लांब पत्र लिहिलं आणि तब्येत कशी आहे हेसुद्धा मी विचारलं नाही. तुम्ही करता त्या म्हाताऱ्या पँतालोनेचं सगळं तोंड मुखवट्याने झाकलेलं असतं, उघडे असतात ते फक्त ओठ. देवाने नेमके तेच.

माझं खरं पाप मी त्या जाळीपाशी सांगितलंच नाही. शिंक मी गास्पारेची कीव येऊन दिली नाही. पत्र वाचून मला वाटलं, आता ती बुडणार, तोनिनोला ती जमत नाही, कोणीतरी वाचवली पाहिजे. तुम्ही जिवंत आहात आणि मी तुम्हाला विचारलं नाही. गेलेल्या माणसाची पेटी उघडावी तशी मी तुमची पेटी उघडली.

तोनिनो, इथे थांब. बाबांकडे बघ. मग पुढे वाच.

खेळ दहा फेब्रुवारीला आहे. त्याआधी सगळ्या पानांच्या नकला होतील, पुढे त्या रोमला, व्हेनिसला, आल्प्सपलीकडेही जातील, आणि मग ती शिंक आपली राहणार नाही. म्हणून ते पान मी मागून घेतलं. "एका शिंकेसाठी वीस दिवस!" म्हणून मेस्त्रो ओरडले, पण दिलं. दुसरी प्रत नाही. सोबत तेच पाठवते आहे. देवळातल्या ऑर्गनवाल्याकडून वाजवून घ्या. मन नाही म्हणालं तर चुलीत घाला. मी ती जागा सोडून गाईन आणि पुन्हा कोणाला ती करून दाखवणार नाही. द्यावीशी वाटली तर नुसतं पान परत पाठवा. शब्द नकोत, सही नको.

ईस्टरनंतर खेळ पुन्हा लागेल. तोवर रस्ते वाळतील. झेपलं तर या, बाबा, आणि शेवटच्या बाकावर बसा. मी गास्पारेला सांगून ठेवलं आहे, त्याने तुमच्याकडेच बघायचं. तुमचा डावा हात अजून चालतो. त्याचं बोट हललं की आईच्या जागी मी म्हणेन, "देव बरं करो, मालक."

तोपर्यंत त्या कमानीखाली थांबलेली,

तुमची
ओर्सेता