स्वप्नातल्या एसटीची पाटी

५ जानेवारी २००४, सोमवार

रोजनिशी एक तारखेलाच सुरू करायची होती. ट्रान्सपोर्टवाल्याने दाजींना फुकट दिलेली ही डायरी ताईने डिसेंबरातच माझ्या हातात ठेवली होती. पण एक तारखेला पेन सापडलं नाही. दोनला शुक्रवार, कारखान्याला सुट्टी. सुट्टीच्या दिवशी कामाला सुरुवात करू नये. तीनला पेन मिळालं, पण आधी डायरीच्या मागचे नकाशे बघितले, त्यात संध्याकाळ झाली. काल रविवार, निवांत लिहू म्हटलं, तर शेलारच्या मैदानात मॅच लागली. आता रोज लिहिणार. रोज म्हणजे रोज.

कारणही तसंच आहे. ते स्वप्न परत पडलं.

एसटी स्टॅण्ड. गाडी गच्च. मी खाली उभा. एका खिडकीतून बांगड्यांचा हात बाहेर येतो, हातात रुमाल. आवाज येतो, राघो, चढ लवकर, जागा धरलीय. मी म्हणतो, गाडी कुठली ते तर बघू दे, आणि पाटी वाचायला पुढे जातो. पाटीपाशी पोचलो की जाग येते. दिवाळीपासून हेच चाललंय.

म्हणजे माझ्यासाठी कुठंतरी जागा धरलेली आहे, हे नक्की. फक्त कुठं, एवढंच समजायचं बाकी आहे. समजलं की यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची गरज उरणार नाही.

६ जानेवारी, दुपार

पुन्हा पडलं. पाटीच्या अगदी जवळ होतो. तेवढ्यात ठकुबाईंनी अंगणात मिरच्या कुटायला घेतल्या. ठकुबाई म्हणजे ताईच्या सासूबाई. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो हे त्यांना मान्यच नाही. त्यांच्या मते दिवसा झोपतं ते मांजर.

उठलोच होतो, तर त्यांनाच अर्थ विचारला. कुटता कुटता म्हणाल्या, दिसाचं सपान व्हय? त्याला अर्थ न्हाय. ते पोटातनं येतं. रातचं काय खाल्लंस? सपान पडावं तं पहाटंचं, तेच खरं व्हतं.

म्हटलं, मावशी, पहाटे मी ड्युटीवर असतो.

म्हणाल्या, मंग तुला सपान न्हायच.

ताईला सांगितलं. तिने विचारलं, हात कोणाचा होता? म्हटलं, हाताचं काय घेऊन बसलीस, पाटी महत्त्वाची. बरं म्हणाली आणि माझं ताट पुढे सरकवलं. ताईला या विषयात गती नाही.

७ जानेवारी

आज स्वप्न नाही. दाजींनी उठवून लेक्चर दिलं, त्यात झोप गेली. या घरात मी आलो त्यालाच तीन महिने होतील, आणि दाजींचं एकच पालुपद. पाव्हणं, ही नोकरी सुटली तर सरळ गावाला, दिघाशीची गाडी, आणि बाबांच्या हाताखाली शेतात. कारखान्याच्या सेठनी माझ्या शब्दावर घेतलंय तुम्हाला, माझं नाक कापू नका. मला ते पाव्हणंच म्हणतात. मुद्दाम. ताई मध्ये पडली. म्हणाली, या वेळी टिकेल तो, माझी गॅरंटी.

गॅरंटीची काही गरज नव्हती. आधीच्या सगळ्या नोकऱ्या मी स्वतःहून सोडल्यात. (बेकरीवाल्याने काढलं, पण तो गैरसमज होता.)

८ जानेवारी

रात्री मुस्तकीम मास्टरला विचारलं. लूम बिघडला की मास्टर लूमकडे बघतो, लूम बरा असला की आमच्याकडे बघतो. पाना खाली ठेवून त्याने सगळं ऐकलं. मग विचारलं, किस वक़्त देखा? म्हटलं, दोपहर में. मास्टर हसला. म्हणाला, बेटा, फजर की नमाज़ से पहले का ख्वाब अलग चीज़ है. दोपहर में तो पंखा बंद हो जाए तो भी ख्वाब आता है. कांडी ख़तम है, लूम खड़े हैं, चल भाग.

ठकुबाई आणि मास्टर आयुष्यात कधी भेटलेले नाहीत. तरी दोघांचं एकच म्हणणं. म्हणजे हे सायन्स झालं.

पण मग भिवंडीत हजारो माणसं रात्रपाळी करतात, त्यांच्या पहाटेच्या स्वप्नांचं काय? ती कुठं जातात? युनियनने हा मुद्दा घ्यायला पाहिजे. यावर उद्या सविस्तर लिहिणे.

९ जानेवारी, शुक्रवार. सुट्टी

वज्रेश्वरीला एक जण स्वप्नांचे अर्थ सांगतो असं कळलं होतं. सकाळच्या गाडीने गेलो. शुद्ध होऊन विचारावं म्हणून आधी कुंडात उतरलो. पाणी मस्त गरम, रात्रपाळीचं अंग, तिथंच डोळा लागला. एका काकांनी बखोट धरून बाहेर काढलं, म्हणाले, मरायला आलास काय. मग भूक लागली. मग एका दुकानात लाकडी भोवरे होते. दुकानदार तळहातावर फिरवून दाखवत होता. मला जमेना. जमेपर्यंत थांबलो.

शेवटच्या गाडीने परत. कशासाठी गेलो होतो ते अंबाडी नाक्याला आठवलं.

१० जानेवारी

काल रात्री ड्युटी नव्हती, म्हणजे पहाट माझी होती. पण खाट विशालची. विशाल दाजींचा धाकटा भाऊ, गोडाऊनला दिवसपाळी करतो. खाट एकच. रात्री तो, दिवसा मी. ती कधी थंड होत नाही. म्हणून ओट्यावर झोपलो. पहाटे स्वप्न पडलं नाही. कुत्रं येऊन पायाशी झोपलं.

निष्कर्ष: स्वप्न खाटेवरच पडतं. पहाट पाहिजे आणि खाटही पाहिजे.

११ जानेवारी, रविवार

विशालला प्रेमाने सांगितलं, आठवडाभर पहाटे खाट दे. तो म्हणाला, तू तेव्हा ड्युटीवर असतोस ना? म्हटलं, ते मी बघतो. तो म्हणाला, मग मी कुठं झोपू, छपरावर? शेवटी नाइलाजाने त्याला सगळं स्वप्न सांगितलं. गाडी, हात, रुमाल, पाटी. त्याने फार सिरियसली ऐकलं. मध्ये एकदा चादरीत तोंड घातलं. सर्दी झाली असावी.

१२ जानेवारी, सोमवार. सकाळ

हद्द झाली!

ड्युटीवरून आलो तर विशाल दात घासत वाट बघत उभा. म्हणाला, राघ्या, पडलं रे मला. पहाटे. तीच गाडी, तोच रुमाल. म्हटलं, आणि पाटी? म्हणाला, वाचली की.

म्हटलं, सांग. तो म्हणाला, सांगितलं तर फळ जातं, आई काय म्हणते ऐकलं नाहीस?

माझं स्वप्न. मी दिवाळीपासून बघतोय. याने एकदाच बघितलं आणि पाटी वाचून मोकळा! वर चूळ भरून म्हणतो, अक्षर पण सुंदर होतं.

दिवसभर झोप नाही. झोप नाही म्हणून स्वप्न नाही.

१४ जानेवारी

विशालचं मन वळवायचं ठरवलंय. काल त्याच्या शर्टाला इस्त्री केली, आज बूट पुसले. संध्याकाळी त्याने सांगितलं, पाटीवर पहिलं अक्षर 'व' आहे.

वाडा? वसई? वज्रेश्वरी? वज्रेश्वरीला तर मी जाऊन आलो, तिथं कोणी जागा धरली नव्हती.

१६ जानेवारी

विशालचं डोकं चेपून दिलं. त्याच्या वाटणीचं पाणी मीच भरलं. आता म्हणतो, 'व' होता की 'न', नक्की आठवत नाही, पाय चेपल्यावर आठवेल बहुतेक.

ठकुबाई बघत होत्या. ताईला म्हणाल्या, तुझा भाव काय आमच्या इशालशी लगीन करतो काय? ताईने हसण्यावारी नेलं, पण मग माझ्याकडे बघेना.

लोकांना शोधाचं महत्त्व कळत नाही.

१८ जानेवारी, रविवार

निर्णय घेतला. आता दुसऱ्याच्या पहाटेवर अवलंबून राहायचं नाही.

माझ्याबरोबर कांड्या भरतो त्या लडकूकडे कारखान्यात निरोप दिलाय की राघोला कावीळ झाली. ताप म्हटलं तर दोन दिवसांत उतरतो. कावीळ पंधरा दिवस पुरते. घरी काहीच बोललो नाही. उगाच काळजी करतील. संध्याकाळी नेहमीसारखा डबा घेऊन निघायचं, रात्र एसटी स्टॅण्डवर काढायची, पहाटे तिथंच झोपायचं. स्वप्नातही स्टॅण्डच आहे, म्हणजे खाटेची गरजच नाही. हे आधी का सुचलं नाही! स्वप्न पडलं की डोळे उघडायचे, समोर खऱ्या पाट्या. ताळा लगेच.

प्लॅनमध्ये खोट काढायला जागा नाही.

१९ जानेवारी

डास.

आणि बाकावर आडवं झालं की वॉचमन काठी आपटतो. म्हणतो, बैठने का, सोने का नहीं. स्वप्न बसून पडत नाही. मी प्रयत्न केला.

डबा उघडला तर आत उकडलेलं अंडं. ताईने सांगितलं नव्हतं. रात्रपाळीवाल्याला ताकद लागते असं तिला वाटतं. अर्धं तसंच ठेवलं. बलक कोरडा होता.

२० जानेवारी

वॉचमनला चुकवून उभ्या गाडीत मागच्या सीटवर झोपलो. मस्त लागली झोप. जाग आली तर गाडी चालू, मी खिडकीत, बाहेर उजाडलेलं! वाटलं, आलंच स्वप्न. गाडी थांबताच धावत पुढून उतरलो आणि पाटी वाचली. वाडा. मी वाड्याला पोचलो होतो. स्वप्न नव्हतंच. अख्ख्या महिन्यात एकदा पाटी वाचली तीही जागेपणी.

घरी यायला दुपार झाली. ताई दारातच. एवढा उशीर? मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ओव्हरटाइम? मी मान हलवली. हलवली म्हणजे मानेत लचक होती, सीटवर झोपून. ती तेवढ्यात ठकुबाईंना सांगायला गेली, ऐकलंत का, माझ्या भावाला ओव्हरटाइम दिला, कामाच्या माणसालाच देतात.

२१ जानेवारी

सगळ्यांनी मिळून मला अडचणीत आणलंय.

दाजींनी आज मला राघो म्हटलं. पाव्हणं नाही, राघो. म्हणाले, राघो, बस जरा. शुक्रवारी संध्याकाळी मी सेठना भेटतो. कांड्या बास झाल्या. तुला चार लूम चालवायला मागतो. ताईने लगेच देवापुढे साखर ठेवली. ठकुबाईंनी माझ्या भाकरीवर स्वतःच्या हाताने तूप घातलं आणि म्हणाल्या, झोप चांगली, म्या मिरच्या मागल्या दारी कुटन.

कोणी मला विचारलं का? न विचारता माणसाबद्दल इतकं चांगलं मत करून घ्यायचं म्हणजे काय?

उद्या लडकूला गाठून कावीळ कमी करून घेतो. परवापर्यंत पूर्ण उतरवतो.

२२ जानेवारी

लडकू भेटला नाही. भेटायला निघालो होतो, पण नाक्यावर क्रेनने उलटलेला ट्रक उभा करत होते. असं रोज बघायला मिळत नाही. उभा राहीपर्यंत लडकू कामावर गेला होता.

रात्री स्टॅण्डवर जायच्या आधी विशालने बाजूला घेतलं. म्हणाला, राघ्या, एक सांगू? मला काही पडलं-बिडलं नाही रे. मजा केली. तू खरंच बूट पुसायला लागलास तेव्हा सांगणार होतो, पण बूट चांगले झाले. आता दादा सेठकडे जातोय, तू नीट कामाला लाग. वहिनी कालपासून सगळ्या आळीला सांगत फिरतेय.

मी हसलो. मी काय दूधखुळा आहे? याने पाटी वाचलीय, आणि ती गाडी त्याला स्वतःलाच पकडायची आहे. नाहीतर अचानक एवढा चांगला कशाला वागेल?

२३ जानेवारी, शुक्रवार

घाईत लिहितोय. खाटेवर.

सुट्टीमुळे सगळे घरी असणार म्हणून धास्ती होती, पण दाजी दाढी करायला नाक्यावर गेले, ठकुबाई शेजारी वालाच्या शेंगा सोलायला. नुकता डोळा लागत होता, तेवढ्यात ओट्यावर आवाज. राघो का घर यही है? खिडकीतून बघितलं. मुस्तकीम मास्टर! सुट्टीचे पांढरे कपडे, डोक्याला टोपी, आणि खांद्यावर उसाची मोळी.

आधी वाटलं, स्वप्नाचा अर्थ सापडला म्हणून आला असेल. एवढ्या लांब नाहीतर कोण येतं?

मग त्याने ताईला विचारलं, बहन, कैसी है उसकी तबीयत? पीलिया में गन्ने से अच्छी चीज़ नहीं. पूरा हफ़्ता हो रहा है, लड़के याद करते हैं.

मी पांघरूण डोक्यावर घेतलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, हफ्ता? तो तर रोज डबा घेऊन कामाला जातो.

ताई म्हणाली, आता बरं आहे. उतरत आलीय. बसा, चहा टाकते.

असं बोलताना मी तिला कधी ऐकलेलं नाही. ती तर दूधवाल्याशीसुद्धा खोटं बोलत नाही.

आता मास्टर चहा पितोय आणि म्हणतोय, ज़रा आँखें देख लूँ, आँखों से पता चलता है कितना बाक़ी है. मी आरशात बघितलं. डोळे एकदम पांढरेशुभ्र. इतके निरोगी डोळे माझे आयुष्यात नव्हते.

दाजी परत यायच्या बेतात असतील. संध्याकाळी सेठ.

ताई आत आली. उसाची मोळी भिंतीला टेकवली. मला वाटलं मारते. तिने फक्त पांघरूण माझ्या गळ्यापर्यंत ओढलं आणि हळू आवाजात म्हणाली, डोळे मीट. मी सांगेपर्यंत उघडू नकोस. तिच्या बांगड्या माझ्या कानापाशी वाजल्या.

मास्टर आत येतोय.