बिबट्याच्या विष्ठेतली लाल रिबन खोडण्याबाबत

प्रति,
मा. वनक्षेत्रपाल साहेब,
करवंदपाडा चौकी, बोरिवली (पूर्व).

विषय : अर्जदार बाईने दिलेली खोटी माहिती फायलीतून काढण्याबाबत.
संदर्भ : तिचाच अर्ज, दि. ३ नोव्हेंबर १९८६.

महोदय,

अर्जदार द्रौपदी सीताराम परब, वय ६८, मूळची सावंतवाडीकडची. विष्ठेवरून जनावर ओळखते. सशाच्या गोल लेंड्या, उदमांजराच्यात बिया, बिबट्याची वळलेली, आत केस नि हाडांचा चुरा. थापा मारण्यातही चाळीत तिचा हात कुणी धरत नाही, हे तिला कबूल.

१. गेल्या साली नळामागच्या कातळावर बिबट्याची विष्ठा पडायची. आत कुत्र्याचे केस. पण साहेब, कुत्र्यासाठी पिंजरा कोण लावतो? म्हणून तिने अर्जात ठोकून दिलं, की आत लहान मुलीचे लांब केस नि लाल रिबन निघाली. तिसऱ्या दिवशी पिंजरा आला. वाघरू सापडलं, पण अन्नाला शिवलं नाही. आठवड्यात मेलं.

२. यंदा त्याच कातळावर पुन्हा विष्ठा. ताजी, पण वास नाही, भोवती पंजा उमटलेला नाही. काडीने फोडली तर कुत्र्याचा एक केस नाही. लांब काळे केस, नि लाल रिबन. पाड्यातली पोरं मोजली, सगळी हजर. वनरक्षक धोंडिराम हसले, "आजी, यंदा रिबन खरीच घातलीत की!" तिने देवाची शपथ घेतली. म्हणाले, "गेल्या साली पण घेतलेली ना?"

३. नात वनमाला, वय सात. तिच्या दोन वेण्या अर्जदारच घालते. कमरेला लागायच्या. आता कातळावर विष्ठा दिसली, की त्या सकाळी वेण्या चार बोटं कमी भरतात. कात्री लागलेली नाही. पोरगी म्हणते, "आजी, वाघाची गोष्ट सांग ना." अर्जदाराने गोष्टी बंद केल्यात. काल वेण्या खांद्यावर आल्या. केसांनंतर विष्ठेत काय निघतं, ते साहेबांना सांगायला नको.

४. तरी पिंजरा नको. फाइल काढून रिबनीचं वाक्य खोडावं, वर "कुत्र्याचे केस" लिहावं नि साहेबांनी सही करावी. त्या जनावराने पोर खाल्लं नव्हतं. त्याने खाल्लं असं बाईने लिहिलं, ते आता खाऊन दाखवतंय.

साहेबांच्या सहीकडे डोळे लावून बसलेली,
द्रौपदी सीताराम परब
दि. १२ नोव्हेंबर १९८७

सोबत :
१) विष्ठेचा नमुना, काडेपेटीत.
२) वनमालाच्या जोडीतली दुसरी लाल रिबन. आज सकाळी बांधायला केस पुरले नाहीत.