तू परक्या बाईला सांगितलंस

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा एक राग गेलेला नाही, आणि तो मी कुणाजवळ बोललेही नाही. तुझ्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा गुजरातेतल्या डिंडोलीच्या त्या दोन खोल्यांत आपण दोघीच होतो. वडील आधीच गेलेले. तू घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचीस, मी शाळेत शिकवायचे. किमोच्या दिवशी मी रजा घ्यायचे. इस्पितळात रुग्णांच्या मनाची विचारपूस करणारी एक गुजराती बाई यायची. शून्य ते दहा, आज मनाला किती त्रास आहे, असं ती विचारायची. तू आधी माझ्याकडे बघायचीस, मग म्हणायचीस, "दोन." मोरीत तुझे केस पुंजक्याने गळाले त्या दिवशी मी रडायला लागले, तर तूच रागावलीस. "तोंड पाडीसन नको बसू. माले काहीच व्हत नही. तू शाळामा जाय." मी गेले. वर्गात उभी असताना वाटायचं, माझी आई लढते आहे.

तू गेल्यावर महिन्याभराने उरलेली औषधं द्यायला मी इस्पितळात गेले, तेव्हा ती बाई भेटली. मी म्हटलं, "आईनं शेवटपर्यंत धीर सोडला नाही." ती म्हणाली, "बेन, मम्मी बहु बीतां हतां." फार घाबरायचीस तू. मी चहाला खाली गेले की तिचा हात धरून रडायचीस, आणि आकडा विचारला की नऊ सांगायचीस. चौथ्या किमोनंतर तुला उपचार थांबवायचे होते. मुलीशी बोलू या, असं ती म्हणाली, तर तू म्हणालीस, नको, तिला फार आशा आहे. म्हणजे शेवटच्या दोन किमो तू माझ्यासाठी घेतल्यास. तोंडभर फोड, पाणी गिळवत नव्हतं, आणि मी कौतुकाने तुला पेज भरवत होते. मोडक्यातोडक्या गुजरातीत तू परक्या बाईला सगळं सांगितलंस, आणि पोटच्या मुलीला फसवलंस.

आता मावशी त्याच आजाराने माझ्याकडे आली आहे. परवा मी तिला सरळ म्हटलं, "माझ्यासाठी काही सोसू नकोस. थांबायचं असेल तर मला सांग." ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून खूप वेळ रडली. तू मला एवढंही करू दिलं नाहीस.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. पाचव्या किमोच्या दिवशी मी चहा घेऊन लवकर वर आले होते. पडद्याआडून तुझं रडणं ऐकू आलं. "हवे बस, बेन." आता पुरे, म्हणत होतीस. मी तशीच मागे फिरले, जिन्यात थांबले, आणि थोड्या वेळाने चपला वाजवत परत आले.