चिकटवहीतल्या चिठ्ठ्या

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. गाडीत शेजारच्या बाईंनी शेवटच्या स्टेशनापर्यंत सुनेचे दोष ऐकवले, त्यामुळे डोळा लागायचा प्रश्नच नव्हता. तुझ्याकडचे आठ दिवस भुर्रकन उडाले. सकाळी तू 'चिमणे, ऊन डोक्यावर आलं' म्हणून हाक मारायचीस, तेव्हा आपण बासष्टीच्या आहोत हे मी साफ विसरायचे.

माझं नवं खूळ तुला अर्धवटच सांगितलं. वाचनालयात आम्ही दहाजणी चिकटवही करायला जमतो. शिकवणाऱ्या चित्रकलेच्या बाईंचा एकच नियम आहे, विकत आणलेलं काही वहीत लावायचं नाही. जे रोज हातातून जातं आणि ज्याकडे आपण ढुंकूनही बघत नाही, तेच आणा म्हणतात. त्यामुळे मी सध्या कचरावाली झाले आहे. बसची तिकिटं, चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद, पाकिटांच्या आतली निळी नक्षी, कांद्याची वाळलेली सालं, काहीही. समोरचे काका औषधाची रिकामी वेष्टनं माझ्या दाराला अडकवून जातात आणि वर म्हणतात, तुमच्यामुळे आमच्याकडे केराची टोपलीच लागत नाही. तुझ्या घरूनही थोडंफार उचलून आणलं आहे, रागावू नकोस. पुढच्या आठवड्यात आमच्या वह्या वाचनालयाच्या दालनात मांडणार आहेत.

गुडघा शेकत जा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
चिमणी

१० मार्च

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसले. लहानपणी तू पेन्सिलींची सालं डबीत जपायचीस. आईनं ती झाडून टाकली, तर दोन दिवस तोंड फुगवून बसलीस. तुझं मूळ काही पालटलं नाही.

पण आज मन थाऱ्यावर नाही. एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. घशाच्या ऑपरेशननंतर यांचा आवाज गेला, ते शेवटचे सात महिने हे लिहून बोलायचे. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे घरात रंगीत कागदांची कातरणं भरपूर. गुलाबी, पिवळी, फिकट हिरवी. त्यांवर दोन-दोन शब्द लिहून माझ्या हातात द्यायचे. मी त्या सगळ्या चिठ्ठ्या शिवणाच्या कपाटात, बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवल्या. ते गेल्यावर दोन वर्षं तो डबा उघडायचा धीर झाला नाही. काल उघडला, तर निम्मा रिकामा.

कपाट गेल्या आठवड्यात कामाच्या बाईनं पुसलं होतं. नऊ वर्षं आहे ती माझ्याकडे. रद्दी समजून टाकल्या असशील तर तसं सांग, म्हटलं. डब्याला हातच लावला नाही म्हणाली. चुकीपेक्षा त्या नकाराचाच मला संताप आला. जिन्यात तिची पिशवी ओढून घेतली आणि पायरीवर उलटी केली. एक रुमाल, घराची किल्ली, अर्धा पाव. शेजारणी दारात उभ्या राहून बघत होत्या. उद्यापासून येऊ नकोस, असं सांगून मी दार लावलं.

तू त्या कपाटातून सुई-दोरा घेतला होतास. डबा भरलेला होता का, आठवतं का?

तुझ्या पत्राकडे डोळे लागलेत. तब्येतीला जप.

तुझी
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. डबा पाहिल्याचं आठवत नाही. वस्तू कधी कधी आपल्याच हातून इकडच्या तिकडे होतात, नीट शोध. बाईंवर इतकं रागवायला नको होतं असं वाटतं. त्यांना परत बोलाव.

जास्त लिहीत नाही.

चिमणी

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाळेत आपल्या सिस्टर चूक आधी कागदावर लिहायला लावायच्या आणि मग सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला. तू न अडखळता वाचायचीस. मी मधली ओळ गाळायचे. गेल्या पत्रातही गाळली. आता सगळं लिहिते.

चिठ्ठ्या मी आणल्या. सुई शोधताना डबा दिसला. तू खाली दूध आणायला गेली होतीस. अक्षर कोणाचं आहे हे मला कळलं नाही, असं लिहायचं ठरवलं होतं. ते खोटं आहे. भाऊजींचं अक्षर मी झोपेतही ओळखेन. 'खिडकी लाव', 'मीठ कमी', 'तू जेवलीस?' असे शब्द होते. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की आमच्या चित्रकलेच्या बाईंना हवं ते हेच, रोजचं आणि कोणी न पाहिलेलं. इतक्या आहेत, थोड्या गेल्या तर काय कळणार, असं म्हणून ओंजळभर पर्समध्ये टाकल्या. तुझ्या पावलांचा आवाज आला तेव्हा झाकण लावून मी सुईत दोरा ओवत बसले.

घरी येऊन कातरी चालवली. त्या चिठ्ठ्यांतून झाडांची पानं कापली, पक्ष्यांची पिसं कापली. दालनात माझ्या वहीपुढे सगळ्यात जास्त माणसं थांबली. अक्षर किती सुंदर, असं प्रत्येकानं म्हटलं. कोणाचं, असं एकानं विचारलं, तर मी म्हटलं, घरातले जुने कागद आहेत. ती शाबासकी मी घेतली गं, तुझं दहा तारखेचं पत्र पर्समध्ये असताना घेतली.

काल वही उचलून आणली, पार्सलनं पाठवते आहे. डिंकानं चिकटवलंय, सोडवायला गेलीस तर फाटेल. तुझ्या कामाच्या बाईंचं नाव माझ्या खोटेपणानं आणखी पाच दिवस काळं राहिलं. त्यांना हे पत्र वाचून दाखव. बोलावशील तेव्हा येईन, नाही बोलावलंस तरी तुझं चुकलं म्हणणार नाही.

लोभ मागायला तोंड नाही.

चिमणी

३० मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

पार्सल चार दिवस टेबलावर तसंच ठेवलं होतं. मग वही पाहिली. ठीक आहे, जाऊ दे, असं मी लिहिणार नाही, कारण ते तसं नाही.

एका पानावर तू कोंबडा केला आहेस. त्याच्या तुऱ्याच्या गुलाबी कागदावर यांच्या अक्षरात आहे, 'ओरडू नकोस.' लोक हसले असतील. चिमणे, यांचा आवाज गेला होता, कान शाबूत होते. आणि मी सात महिने बहिऱ्याशी बोलावं तशी यांच्याशी ओरडून बोलले. औषध घ्या, सरका, हात वर करा, सगळं ओरडून. डबा दोन वर्षं उघडला नाही तो या एका चिठ्ठीच्या धाकानं. तुला दुःख म्हणून सांगितलं होतं. खरं कारण लाज.

परवा बाईकडे गेले. ओल्या हातांनी तिनं दार उघडलं. तुझं पत्र वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, वहिनी, पिशवी जिथं उलटी केलीत, माफी तिथंच मागा. बरोबरच होतं तिचं. चार वाजता शेजारणी दारात असतात, तेव्हा तिला घेऊन आले आणि पायरीवर उभी राहून मागितली. वरच्या मजल्यावरचीनं नीट ऐकू यावं म्हणून रेडिओ बंद केला.

सगळ्या आत गेल्यावर आम्ही दोघी पायरीवरच बसलो. तिनं कमरेचं लहान पाकीट काढलं. झडतीच्या दिवशी ते तिनं मुठीत दाबून धरलं होतं म्हणे. माझं लक्षही गेलं नव्हतं. त्यातून एक पिवळी चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली. आजारपणात माझा आरडाओरडा ऐकून ती काम सोडून निघाली होती, तेव्हा यांनी तिला दिलेली. लिहिलं होतं, 'बाई, तिच्या ओरडण्याचं मनावर घेऊ नका. ती घाबरली आहे.'

त्या दिवशी ही सापडली असती तर तुम्ही हीसुद्धा चोरलेलीच म्हटली असतीत, असं ती म्हणाली. मी म्हटलं, हो, म्हटली असती.

पुन्हा पुन्हा वाचली. कोणी ओळखलं नव्हतं, मीही नाही, ते यांनी ओळखलं होतं. आणि सांगितलं ते तिला. चिठ्ठी ठेवून घ्या, असं ती म्हणाली नाही. मीही मागितली नाही. होती त्याच घडीवर घडी घातली आणि तिच्या हातात परत दिली.

राग निवायची वाट बघत बसू नकोस, ये. राग आणि माया दोन्ही इथंच आहेत.

तुझी
ताई